डिजिटल मिक्सरवरील डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन

डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन, संक्षेपाने कॉम्प्रेशन, ही ध्वनिसंकेतातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान पातळ्यांमधील अंतर स्वयंचलितपणे कमी करण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया करणाऱ्या उपकरणास किंवा संगणकीय घटकास कॉम्प्रेसर म्हणतात. ध्वनिमुद्रण, प्रसारण व रंगमंचीय ध्वनिव्यवस्था या तिन्ही क्षेत्रांत कॉम्प्रेसर वापरला जातो. पूर्वी तो स्वतंत्र उपकरणाच्या रूपात असे व एका मिक्सरसोबत मोजकेच कॉम्प्रेसर उपलब्ध असत. डिजिटल मिक्सरमध्ये मात्र बहुधा प्रत्येक चॅनेलवर आणि प्रत्येक निर्गम मार्गावर कॉम्प्रेसर अंतर्भूत असतो. त्यामुळे कॉम्प्रेसर कोठे, किती आणि कशासाठी वापरावा हे समजणे ध्वनितंत्रज्ञासाठी आवश्यक झाले आहे.

संगणकातील फाइलचा आकार लहान करण्याच्या प्रक्रियेसही कॉम्प्रेशन असेच म्हणतात (उदा. एमपी३). त्या प्रक्रियेचा व या लेखातील कॉम्प्रेशनचा परस्परांशी संबंध नाही. पहिल्या प्रक्रियेत माहितीचे आकारमान कमी होते, तर दुसरीत आवाजाच्या चढउताराचा पल्ला कमी होतो.

## पार्श्वभूमी

मानवी आवाजाचा पल्ला मोठा असतो. कुजबुज सुमारे ३० डेसिबेल, तर साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेल पातळीचे असते, आणि मोठ्याने ओरडताना ही पातळी त्याहूनही बरीच वर जाते. मायक्रोफोन वापरताना यात अंतराचा घटक मिसळतो. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. म्हणजे ५ सेंटिमीटरवर धरलेला मायक्रोफोन वक्त्याने २० सेंटिमीटरवर नेला, तर आवाज जवळजवळ १२ डेसिबेलने कमी होतो. वक्त्याने आवाज जराही बदललेला नसताना शेवटच्या रांगेतील श्रोत्याला त्याचे शब्द ऐकू येईनासे होतात.

हा फरक हाताने भरून काढता येतो. तंत्रज्ञ फेडरवर बोट ठेवून मोठा आवाज आला की पातळी खाली घेतो आणि लहान आवाज आला की वर नेतो. परंतु हाताची हालचाल ही आवाज ऐकू आल्यानंतरच होते, आणि एकाच वेळी वीस-तीस चॅनेलवर असे लक्ष ठेवणे शक्य नसते. कॉम्प्रेसर हेच काम प्रत्येक चॅनेलवर, मिलिसेकंदांच्या अवधीत करतो. मात्र त्याला शब्दांचा वा संगीताचा अर्थ कळत नाही. त्याला केवळ पातळी कळते. या मर्यादेमुळेच कॉम्प्रेसर फेडरला पूरक ठरतो, पर्याय ठरत नाही.

## इतिहास

रेडिओ प्रसारणात प्रक्षेपकाला मर्यादेपेक्षा जास्त पातळीचा संकेत गेल्यास विरूपण होत असे. त्यावर उपाय म्हणून १९३० च्या दशकात स्वयंचलित मर्यादक विवर्धक वापरात आले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा १९३७ सालचा ११०-ए हा त्यांपैकी एक आरंभीचा विवर्धक होय. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात राइन नार्मा यांनी रचना केलेले फेअरचाइल्ड ६६० व ६७० हे निर्वात नलिकांवर चालणारे कॉम्प्रेसर ध्वनिमुद्रणात प्रसिद्ध झाले. लंडनमधील ॲबी रोड स्टुडिओत १९६० च्या दशकात झालेल्या बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत फेअरचाइल्ड ६६० वापरला गेला.

१९६० च्या दशकात टेलिट्रॉनिक्स कंपनीच्या एलए-२ए या उपकरणात प्रकाश देणारी पट्टी व प्रकाशसंवेदी रोधक यांच्या साह्याने गेन नियंत्रित केला जाई. १९६७ मध्ये बिल पटनम यांनी तयार केलेल्या ११७६ या उपकरणात त्याच कामासाठी फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर वापरला गेला. त्यात ४:१, ८:१, १२:१ व २०:१ असे चार रेशो होते. १९७० च्या दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने व्होल्टेजनियंत्रित विवर्धकावर आधारलेले कॉम्प्रेसर रूढ केले. त्याच दशकाच्या अखेरीस सॉलिड स्टेट लॉजिक कंपनीच्या ४००० मालिकेतील स्टुडिओ मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनेलवर कॉम्प्रेसर व गेट देण्यात आले.

डिजिटल मिक्सरच्या आरंभीच्या टप्प्यात यामाहाचा डीएमपी७ (१९८७) उल्लेखनीय ठरला. १९९५ च्या यामाहा ०२आर या मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनेलवर डायनॅमिक्स प्रक्रिया उपलब्ध होती. पुढे यामाहा एम७सीएल (२००५) आणि बेहरिंगर एक्स३२ (२०१२) यांसारख्या मिक्सरमुळे ही सोय लहान सभागृहे, प्रार्थनास्थळे व भाड्याने ध्वनिव्यवस्था पुरवणारे व्यावसायिक यांच्यापर्यंत पोहोचली.

## कार्यपद्धती

डिजिटल कॉम्प्रेसरमध्ये येणारा संकेत दोन मार्गांत विभागला जातो. एका मार्गाने प्रत्यक्ष आवाज पुढे जातो. दुसऱ्या मार्गावर, ज्यास साइडचेन म्हणतात, आवाजाची पातळी मोजून गेन किती कमी करायचा हे ठरवले जाते. या गणनेचे तीन टप्पे असतात.

* '''पातळीचे मापन:''' संकेताचे शिखर (पीक) किंवा ठरावीक काळातील वर्गमध्यमूळ (आरएमएस) मोजले जाते. शिखरमापन क्षणिक आघात पकडते. आरएमएस मापन कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या अधिक जवळ असते.
* '''गेनची गणना:''' मोजलेली पातळी थ्रेशोल्डच्या वर किती गेली हे पाहून रेशोनुसार गेनमधील घट काढली जाते.
* '''वेळेनुसार मृदूकरण:''' ही घट एकदम लागू न करता अटॅक व रिलीज या कालमर्यादांनुसार हळूहळू लागू केली जाते.

डिजिटल मिक्सरमध्ये आवाज हा नमुन्यांच्या मालिकेच्या रूपात असतो. नमुनादर ४८ किलोहर्ट्‌झ असल्यास दर सेकंदाला ४८,००० नमुने येतात, म्हणजेच १ मिलिसेकंदात ४८. प्रत्येक नमुन्याच्या वेळी आधीच्या गेनचा मोठा अंश व नव्या गेनचा अल्प अंश यांची बेरीज केली जाते. कालस्थिरांक १० मिलिसेकंद, म्हणजे ४८० नमुने, असल्यास आधीच्या गेनचा अंश सुमारे ०.९९७९ इतका येतो. अशा रचनेत १० मिलिसेकंदांनंतर अपेक्षित बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पूर्ण झालेला असतो. अटॅक व रिलीज यांची व्याख्या सर्व निर्माते एकसारखी करत नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या मिक्सरवर समान आकडे ठेवले तरी परिणाम समान असेलच असे नाही.

### गणनेचे उदाहरण

डिजिटल मिक्सरवरील पातळी पूर्ण मापनाच्या सापेक्ष, म्हणजे डीबीएफएस या एककात दर्शवतात. ० डीबीएफएस ही कमाल पातळी असून इतर सर्व पातळ्या ऋण आकड्यांत येतात. समजा, थ्रेशोल्ड −२० डीबीएफएस, रेशो ४:१ आणि येणाऱ्या संकेताची पातळी −८ डीबीएफएस आहे.

* संकेत थ्रेशोल्डच्या वर: −८ − (−२०) = १२ डेसिबेल
* रेशोनुसार उरणारी वाढ: १२ ÷ ४ = ३ डेसिबेल
* निर्गम पातळी: −२० + ३ = −१७ डीबीएफएस
* गेनमधील घट: १२ − ३ = ९ डेसिबेल

संकेत −३० डीबीएफएस असता तर तो थ्रेशोल्डच्या खाली असल्याने त्यात कोणताही बदल झाला नसता. कॉम्प्रेशनपूर्वी −८ व −३० या दोन पातळ्यांत २२ डेसिबेलचे अंतर होते. कॉम्प्रेशननंतर ते १३ डेसिबेल उरते.

## नियंत्रणे

'''थ्रेशोल्ड''' ही ती पातळी होय, जिच्यावर गेल्यास कॉम्प्रेसर कार्य सुरू करतो.

'''रेशो''' म्हणजे थ्रेशोल्डच्या वरील आगत वाढ व निर्गम वाढ यांचे गुणोत्तर. १:१ असता कोणताही परिणाम होत नाही. साधारणतः १०:१ वा त्याहून अधिक रेशो असलेल्या कॉम्प्रेसरला लिमिटर म्हणतात.

'''अटॅक''' म्हणजे पातळी थ्रेशोल्डच्या वर गेल्यावर गेन कमी होण्यास लागणारा वेळ. अटॅक दीर्घ असेल तर तबल्याच्या बोलाचा किंवा ड्रमचा पहिला आघात कॉम्प्रेसरमधून जसाच्या तसा निसटतो व नंतरचा नादच दबतो. अटॅक अतिशय अल्प असेल तर आघातच दबून वाद्य बोथट वाटते.

'''रिलीज''' म्हणजे पातळी खाली आल्यावर गेन पूर्ववत होण्यास लागणारा वेळ. काही मिक्सरवर यासोबत '''होल्ड''' हे नियंत्रणही असते. त्यानुसार रिलीज सुरू होण्यापूर्वी गेन काही काळ स्थिर राहतो.

'''नी''' हे नियंत्रण थ्रेशोल्डजवळील आलेखाचा आकार ठरवते. हार्ड नी असता कॉम्प्रेशन थ्रेशोल्डवर एकदम सुरू होते. सॉफ्ट नी असता ते थ्रेशोल्डच्या थोडे आधीपासून हळूहळू वाढत जाते. गायन व भाषणासाठी सॉफ्ट नी अधिक नैसर्गिक वाटतो.

'''मेकअप गेन''' किंवा आउटपुट गेन कॉम्प्रेशनमुळे कमी झालेली पातळी भरून काढतो. कॉम्प्रेसर मोठे आवाज खाली आणतो. लहान आवाज वर येतात ते या नियंत्रणामुळे.

'''गेन रिडक्शन मीटर''' हा कोणत्याही क्षणी गेन किती डेसिबेलने कमी झाला आहे हे दाखवतो. कॉम्प्रेसर वापरताना सर्वाधिक उपयुक्त माहिती याच मापकावरून मिळते.

डिजिटल मिक्सरवर या मूल्यांचा पल्ला विस्तृत असतो. यामाहाच्या सीएल मालिकेत अटॅक ० ते १२० मिलिसेकंद, तर ४८ किलोहर्ट्‌झ नमुनादरावर रिलीज ५ मिलिसेकंद ते ४२.३ सेकंद इतका ठेवता येतो. या पल्ल्यातील बहुतेक टोकाची मूल्ये प्रत्यक्षात क्वचितच उपयोगी पडतात.

## संकेतमार्गातील स्थान

डिजिटल मिक्सरच्या चॅनेलमध्ये आवाज साधारणपणे पुढील क्रमाने जातो: मायक्रोफोनचा पूर्वविवर्धक, ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक, लो-कट फिल्टर, गेट, कॉम्प्रेसर व इक्वलायझर, फेडर, आणि शेवटी विविध बस. या क्रमातून काही महत्त्वाच्या बाबी निष्पन्न होतात.

पहिली बाब अशी की, कॉम्प्रेसर हा परिवर्तकाच्या नंतर येतो. त्यामुळे पूर्वविवर्धकाचा गेन जास्त ठेवल्याने परिवर्तकातच संकेत कापला गेला, तर ते विरूपण कॉम्प्रेसर दूर करू शकत नाही. तो केवळ विरूपित संकेताची पातळी कमी करतो. म्हणून आवाजाची शिखरे ० डीबीएफएसपासून पुरेशी खाली राहतील असा पूर्वविवर्धकाचा गेन आधी ठरवावा लागतो. २४-बिट परिवर्तकाचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबेल असल्याने १५ ते २० डेसिबेलची मोकळी जागा ठेवली तरी व्यवहारात नुकसान होत नाही.

दुसरी बाब अशी की, थ्रेशोल्ड हा पूर्वविवर्धकाच्या गेनवर अवलंबून असतो. तालीम झाल्यावर कोणी गेन ६ डेसिबेलने वाढवला, तर थ्रेशोल्डला हात न लावताही कॉम्प्रेसर अधिक जोराने काम करू लागतो. दोन मिक्सर एकच पूर्वविवर्धक वापरत असताना हा धोका विशेष असतो. अशा वेळी एका मिक्सरवरील गेन बदलल्यास दुसऱ्यावर तेवढाच डिजिटल गेन उलट दिशेने देण्याची सोय काही यंत्रणांत असते.

तिसरी बाब कॉम्प्रेसर व इक्वलायझर यांच्या क्रमाची आहे. इक्वलायझर आधी ठेवल्यास त्यात वाढवलेली वारंवारता कॉम्प्रेसरला अधिक चालना देते. उदाहरणार्थ, मंद्र स्वर वाढवल्यास त्यांच्यामुळेच संपूर्ण आवाज दबू लागतो. कॉम्प्रेसर आधी ठेवल्यास स्वरभेदाचे बदल कॉम्प्रेशनवर परिणाम करत नाहीत. अनेक डिजिटल मिक्सरवर हा क्रम प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा निवडता येतो.

चौथी बाब ध्वनिमुद्रणाची आहे. जोरदार कॉम्प्रेशन एकदा मुद्रित झाले की ते विश्वासार्हपणे मागे फिरवता येत नाही. त्यामुळे कार्यक्रमाचे बहुपथ ध्वनिमुद्रण करताना आवाज कॉम्प्रेसरच्या आधीच्या बिंदूवरून घेण्याचा प्रघात आहे.

## वापराची सर्वसाधारण पद्धत

कॉम्प्रेसर लावताना प्रथम त्याची गरज आहे का हे ठरवले जाते. स्थिर पातळीच्या तानपुऱ्याला किंवा आवाजावर उत्तम ताबा असलेल्या वक्त्याला कॉम्प्रेशनची गरज नसू शकते. गरज असल्यास पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. पूर्वविवर्धकाचा गेन कार्यक्रमातील सर्वांत मोठ्या आवाजावर निश्चित केला जातो.

२. मेकअप गेन शून्यावर ठेवून रेशो ३:१ च्या आसपास, अटॅक मध्यम व रिलीज मध्यम ठेवला जातो.

३. आवाज चालू असताना थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणला जातो. मोठ्या आवाजाच्या वेळी गेन रिडक्शन मीटर ३ ते ६ डेसिबेल दाखवू लागला आणि लहान आवाजाच्या वेळी शून्यावर परतला, की थांबले जाते. मापक सतत खालीच राहत असेल तर थ्रेशोल्ड फार खाली आहे.

४. आघात बोथट वाटत असल्यास अटॅक वाढवला जातो. आघात टोचत असल्यास तो कमी केला जातो.

५. मापक पुढील शब्दापूर्वी किंवा पुढील मात्रेपूर्वी शून्याकडे परतेल अशा बेताने रिलीज ठेवला जातो.

६. शेवटी मेकअप गेन देऊन कॉम्प्रेसर चालू व बंद करून तुलना केली जाते. ही तुलना समान मोठेपणावर करणे महत्त्वाचे असते, कारण मोठा आवाज कानाला स्वभावतःच अधिक चांगला वाटतो. केवळ पातळी वाढल्याने झालेला भास हा कॉम्प्रेशनचा गुण समजला जाण्याचा संभव असतो.

## निरनिराळे ध्वनिस्रोत

पुढील मूल्ये प्रारंभबिंदू म्हणून आहेत. अंतिम निर्णय ऐकूनच घ्यावा लागतो.

* '''भाषण व निवेदन:''' रेशो २:१ ते ४:१, अटॅक १० ते २० मिलिसेकंद, रिलीज १०० ते २०० मिलिसेकंद, सॉफ्ट नी.
* '''सुगम गायन:''' रेशो ३:१ च्या आसपास, अटॅक १० ते ३० मिलिसेकंद, रिलीज १०० ते २५० मिलिसेकंद.
* '''शास्त्रीय गायन व नाट्यसंगीत:''' आलापातील सूक्ष्म चढउतार हाच येथे आशय असतो. त्यामुळे १.५:१ ते २:१ इतका सौम्य रेशो व केवळ तार सप्तकातील जोरकस स्वरांवर कार्य करणारा उंच थ्रेशोल्ड पुरेसा ठरतो.
* '''तबला, पखवाज, ढोलकी:''' आघात राखण्यासाठी २० ते ४० मिलिसेकंदांचा दीर्घ अटॅक. रिलीज फार अल्प ठेवल्यास डग्ग्याचा घुमारा अनैसर्गिकरीत्या फुगतो आणि मींडकामाचा उतार सपाट होतो.
* '''बेस गिटार:''' रेशो ४:१ च्या आसपास, अटॅक २० ते ४० मिलिसेकंद. निरनिराळ्या तारांवरील स्वरांची पातळी समान करणे हा उद्देश असतो.

कीर्तनासारख्या सादरीकरणात एकच व्यक्ती हळू बोलते, खणखणीत आख्यान लावते आणि वरच्या पट्टीत अभंगही गाते. अशा वेळी एकाच कॉम्प्रेसरवर सर्व भार टाकल्यास गाताना आवाज कोंदटल्यासारखा होतो. त्याऐवजी चॅनेलवर २:१ चा सौम्य कॉम्प्रेसर व गायनाच्या बसवर दुसरा सौम्य कॉम्प्रेसर, असे काम विभागले जाते आणि मोठे बदल फेडरने केले जातात.

## विशेष उपयोग

### साइडचेन व डकिंग

पातळी मोजण्यासाठी त्याच चॅनेलऐवजी दुसऱ्या चॅनेलचा आवाज निवडता येतो. पार्श्वसंगीताच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर लावून त्याची चावी (की) म्हणून निवेदकाचा चॅनेल निवडला, तर निवेदक बोलू लागताच संगीत आपोआप खाली जाते व तो थांबताच परत येते. यास डकिंग म्हणतात. पूर्वी यासाठी स्वतंत्र तारजोडणी करावी लागे. डिजिटल मिक्सरवर ते पडद्यावरील एका निवडीचे काम असते.

साइडचेनवर फिल्टरही लावता येतो. मापनाच्या मार्गातून मंद्र वारंवारता वगळल्यास ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी संपूर्ण मिश्रण दबण्याचे टळते. प्रत्यक्ष आवाजातील मंद्र स्वर मात्र कायम राहतात.

### डी-एसर व मल्टिबँड कॉम्प्रेसर

स, श, च, छ यांसारख्या वर्णांच्या उच्चारात ऊर्ध्व वारंवारतेचा फूत्कार असतो. तो मायक्रोफोनमधून कर्कश ऐकू येऊ शकतो. साधारण ४ ते १० किलोहर्ट्‌झ या पट्ट्यातील पातळी वाढल्यावरच कार्य करणाऱ्या कॉम्प्रेसरला डी-एसर म्हणतात. त्याचा वापर जास्त झाल्यास वक्ता बोबडा बोलत असल्याचा भास होतो. मल्टिबँड कॉम्प्रेसरमध्ये हेच तत्त्व विस्तारून संकेताचे दोन वा अधिक पट्टे पाडले जातात आणि प्रत्येकावर स्वतंत्र कॉम्प्रेशन केले जाते.

### समांतर कॉम्प्रेशन

मूळ आवाजात त्याचीच जोरदार कॉम्प्रेशन केलेली प्रत मिसळण्यास समांतर कॉम्प्रेशन म्हणतात. यामुळे आघात मूळ आवाजातून मिळतात व बारीक नाद प्रतीतून वर येतो. डिजिटल मिक्सरवर दोन्ही मार्गांना लागणारा वेळ समान असणे आवश्यक आहे. त्यांत १ मिलिसेकंदाचा फरक पडला तर ५००, १५००, २५०० हर्ट्‌झ अशा वारंवारतांवर दोन्ही प्रती परस्परांना छेदतात व आवाज पोकळ होतो. कॉम्प्रेसरमध्येच मिक्स हे नियंत्रण असल्यास ही अडचण येत नाही.

## फीडबॅकचा धोका

स्टुडिओ व रंगमंच यांतील सर्वांत मोठा फरक म्हणजे रंगमंचावर ध्वनिक्षेपकातून आलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. हे चक्र ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की फीडबॅक, म्हणजे सतत वाढत जाणारी शिट्टी, सुरू होते. गायक मोठ्याने गात असताना कॉम्प्रेसर गेन कमी ठेवतो. तो थांबला की गेन पूर्ववत होतो, आणि मेकअप गेन दिलेला असल्यास मूळ गेनपेक्षाही वर जातो. मेकअप गेन ६ डेसिबेल असेल तर शांततेच्या क्षणी फीडबॅकपासूनची सुरक्षित मोकळीक ६ डेसिबेलनेच कमी झालेली असते. तालमीत सर्व काही ठीक असून कार्यक्रमात नेमक्या दोन ओळींमधील विरामात शिट्टी वाजते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. खुल्या मायक्रोफोनची संख्या दुप्पट झाली की ही मोकळीक आणखी सुमारे ३ डेसिबेलने घटते.

याच कारणाने कलाकारांसमोरील मॉनिटरला जाणारा आवाज शक्यतो कॉम्प्रेसरच्या आधीच्या बिंदूवरून दिला जातो. त्याचा दुसरा लाभ असा की, गायकाला आपल्या आवाजाचा खरा जोर ऐकू येतो. मॉनिटरमध्ये कॉम्प्रेशन असल्यास गायकाने जोर लावला तरी त्याला आवाज वाढल्याचे जाणवत नाही. तो आणखी जोर लावतो व घशावर ताण येतो.

## दुष्परिणाम

* '''पंपिंग व ब्रीदिंग:''' रिलीज अयोग्य असल्यास पार्श्वभूमीचा आवाज, पंख्याची घरघर किंवा वक्त्याचा श्वास प्रत्येक शब्दानंतर वर येताना ऐकू येतो.
* '''विरूपण:''' ५० हर्ट्‌झच्या तरंगाचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो. अटॅक व रिलीज त्याहून बरेच अल्प ठेवल्यास गेन तरंगाच्या आकारामागे धावू लागतो व मुळात नसलेले स्वर निर्माण होतात.
* '''स्टिरिओ चित्राचे सरकणे:''' डाव्या व उजव्या मार्गावरील कॉम्प्रेसर परस्परांशी जोडलेले नसल्यास एका बाजूच्या मोठ्या आवाजाने तीच बाजू दबते व मध्यभागी असलेला गायक दुसऱ्या बाजूस सरकल्यासारखा वाटतो. म्हणून स्टिरिओ बसवर दोन्ही कॉम्प्रेसर जोडून ठेवतात.
* '''विलंब:''' लुक-अहेड पद्धतीत आवाज किंचित थांबवून कॉम्प्रेसरला पुढील शिखर आधीच पाहता येते. लिमिटरसाठी हे उपयुक्त असले तरी रंगमंचावर हा विलंब अडचणीचा ठरू शकतो.
* '''ध्वनिक्षेपकांवरील भार:''' कॉम्प्रेशनने सरासरी शक्ती वाढते. शिखरे मर्यादेत दिसत असली तरी ध्वनिक्षेपकाची वेटोळी सतत तापत राहते. त्यामुळे मुख्य निर्गमावरील लिमिटर शिखरांपासून रक्षण करतो, उष्णतेपासून रक्षण करेलच असे नाही.

## मोठेपणाची स्पर्धा व नियमन

शिखरपातळी न वाढवता सरासरी पातळी वाढवता येते हे कॉम्प्रेशनचे वैशिष्ट्य व्यावसायिक ध्वनिमुद्रणात स्पर्धेचे साधन बनले. आपली ध्वनिमुद्रिका इतरांपेक्षा मोठी वाजावी या हेतूने वाढत गेलेल्या कॉम्प्रेशनला लाउडनेस वॉर असे नाव पडले. मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या २००८ मधील 'डेथ मॅग्नेटिक' या ध्वनिमुद्रिकेवर या कारणास्तव रसिकांनी जाहीर टीका केली. प्रसारणक्षेत्रात यावर उपाय म्हणून शिखराऐवजी जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत आली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीएस.१७७० ही मापनपद्धत २००६ मध्ये, तर युरोपीय प्रसारण संघाने −२३ एलयूएफएस ही लक्ष्यपातळी सांगणारी आर १२८ ही शिफारस २०१० मध्ये प्रसृत केली. अशा मापनात अतिकॉम्प्रेशन केलेला कार्यक्रम केवळ खाली आणला जातो, त्यामुळे त्यातून मिळणारा लाभ नाहीसा होतो.

खुल्या जागेतील कार्यक्रमांसाठी भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रासाठी सकाळी ६ ते रात्री १० या काळात ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबेल (ए), तर शांतता क्षेत्रासाठी अनुक्रमे ५० व ४० डेसिबेल (ए) ही मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धक वापरताना त्या जागेच्या सीमेवरील पातळी क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेल (ए) अधिक किंवा ७५ डेसिबेल (ए), यांपैकी जी कमी असेल तिच्यावर जाऊ नये असा नियम आहे. क्षेत्रनिहाय मर्यादा ठरावीक काळातील समतुल्य सरासरीवर आधारलेल्या असतात, क्षणिक शिखरावर नव्हे. त्यामुळे मुख्य निर्गमावर कॉम्प्रेसर लावून शिखरे तेवढीच ठेवली आणि सरासरी ६ डेसिबेलने वाढवली, तर मिक्सरच्या शिखरमापकावर फरक दिसत नाही. परिसरात पोहोचणारी ध्वनिऊर्जा मात्र चौपट झालेली असते. गणेशोत्सव, नवरात्र यांसारख्या उत्सवांत वा मोठ्या सभांत ध्वनिव्यवस्था सांभाळताना म्हणूनच मिक्सरच्या मापकासोबत प्रेक्षागृहात व सीमेवर ध्वनिपातळीमापक वापरणे आवश्यक ठरते. याउलट, भाषणाच्या चॅनेलवर योग्य कॉम्प्रेशन केल्यास हळू उच्चारलेले शब्दही स्पष्ट पोहोचतात आणि एकूण आवाज कमी ठेवूनही कार्यक्रम नीट ऐकू येऊ शकतो.